सात जागा, एक नळी : ट्रॉम्बोनला सूर सापडतो कसा?

लग्नसराईच्या दिवसांत चंद्रपुरात जटपुरा गेटकडून गांधी चौकाकडे वरात निघाली, की बँडपार्टीतल्या वादकांचे हात निरखून पाहावेत. क्लॅरिनेटवाल्याची बोटं भोकांवर आणि चाव्यांवर भराभर फिरत असतात. ट्रम्पेटवाला तीन चाप आलटून पालटून दाबत असतो. ट्रॉम्बोनवाल्याकडे यातलं काहीच नसतं. भोक नाही, चावी नाही, पट्टी नाही, सतारीसारखा पडदा नाही. एक लांब वाकवलेली नळी तो पुढे ढकलतो आणि मागे ओढतो. त्या नळीवर कुठेही खूण केलेली नसते, तरी गाण्याचा प्रत्येक सूर जागच्या जागी येतो.

थोडा वेळ आणखी पाहिलं तर कोडं वाढतं. कधी त्याचा हात अजिबात हलत नाही, तरी सूर बदलतो. कधी हात हातभर पुढे जातो आणि सूर जेमतेम दोन-तीन पायऱ्याच उतरतो. तर कधी शेजारचाच सूर घ्यायला तो नळी पार टोकापासून छातीपर्यंत मागे खेचतो. या धावपळीमागे नियम कोणता?

सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत बसणारा ट्रॉम्बोन तत्त्वाने हाच. तिथला वादक एकट्याने मैफल करतो, संगीत शाळांत जाऊन मुलांना वाद्य समजावून सांगतो, तेव्हा त्यालाही पहिल्यांदा हेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं समजायला पाश्चात्त्य संगीताची जाण लागत नाही. सा-रे-ग-म माहीत असेल, तर पुरेसं आहे.

आवाज निघतो ओठांतून

ट्रॉम्बोनमध्ये नुसती फुंकर मारली, तर फक्त हवा जाण्याचा फुसफुसाट येतो. वादक दोन्ही ओठ एकमेकांवर टेकवून ताणतो आणि त्यांच्या फटीतून हवा दाबाने सोडतो. ओठ उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. वाटीच्या आकाराचं माउथपीस ओठांच्या या थरथरीला जागा देतं. वाद्य बाजूला ठेवून नुसत्या माउथपीसमध्ये फुंकलं, तर भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते. शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच असतो.

पेटीवरची काळी पाच ही पट्टी ट्रॉम्बोनचा मूळ षड्ज मानतात. मधल्या सप्तकातला तो षड्ज वाजत असताना वादकाचे ओठ दर सेकंदाला सुमारे २३३ वेळा उघडतात आणि मिटतात. आपण ‘सूर’ म्हणतो तो या उघडझापेचा वेग. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो.

पण ओठ मनाला येईल त्या वेगाने थरथरू शकत नाहीत. समोरच्या नळीतली हवा त्यांना आवरते. नळीत पाठवलेला हवेचा धक्का भोंग्यापर्यंत जातो, तिथे त्याचा थोडा भाग बाहेर पडतो आणि उरलेला उलटून ओठांकडे परत येतो. परतलेला धक्का नेमका ओठ उघडण्याच्या क्षणी पोचला, तर थरथर बळावते. भलत्या वेळी पोचला, तर ती मोडते. म्हणून नळीला जे मोजके वेग मानवतात, त्याच वेगांवर भरदार सूर लागतो. हात स्थिर ठेवूनही सूर बदलता येतो तो यामुळेच. वादक ओठांचा ताण वाढवतो आणि नळीला मानवणाऱ्या एका वेगावरून पुढच्या वेगावर जातो.

एका नळीत किती सूर?

नळीला मानवणारे वेग कोणते, हे अंगणात करून पाहता येतं. एक लांब, जड दोर घ्या. त्याचं एक टोक बाभळीच्या खोडाला बांधा आणि दुसरं हातात धरून हलवा. सावकाश हलवलं तर सगळा दोर एकच मोठा फुगा होऊन वरखाली होतो. हलवण्याचा वेग दुप्पट केला की दोराचे दोन फुगे होतात आणि मधला एक बिंदू जवळपास स्थिर राहतो. तिप्पट केला की तीन फुगे. पण दीडपट किंवा अडीचपट वेगाने हलवलं, तर दोर नुसता तडफडतो. तो आकार धरत नाही.

नळीतली हवाही अशीच भागाभागांत डोलते. फरक इतकाच, की दोर वरखाली होतो आणि हवा दाबली जाते, सैल होते. नुसती सरळ, एका तोंडाने बंद नळी घेतली, तर तिच्यात एक, तीन, पाच अशा विषम पटींचेच सूर मिळतात. ट्रॉम्बोनचं माउथपीस आणि पुढे रुंदावत जाणारा भोंगा हे त्या सुरांना थोडं थोडं सरकवतात आणि दोन, तीन, चार, पाच अशा सलग पटींवर आणून बसवतात. भोंगा आवाज मोठा करण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा आहे, पण अपुरा आहे. भोंगा आणि माउथपीस वाद्य सुरात आणण्याचंही काम करतात. शेकडो वर्षं कारागिरांनी त्यांचा आकार कानाने घडवला आणि मग गणिताने त्याचं कारण शोधलं.

आता या पटी सरगमच्या भाषेत मांडू. मूळ सूर सा. दुपटीवर वरचा सा. तिपटीवर त्याच्या वरचा प. चौपटीवर पुन्हा सा. पाचपटीवर शुद्ध ग, सहापटीवर प, सातपटीवर थोडा उतरलेला कोमल नी आणि आठपटीवर पुन्हा सा. म्हणजे खालच्या भागात सूर विरळ आहेत आणि वर जावं तसे दाट होत जातात.

यातला पाचपटीचा गंधार आपल्या ओळखीचा आहे. उत्तम जुळलेला तानपुरा छेडला, की कोणी न छेडलेला गंधार त्यातून उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तारेच्या पाचपट कंपनातून येणारा तो गंधार आणि ट्रॉम्बोनच्या नळीतला गंधार एकाच नियमाची देणगी आहेत. पेटीवरच्या गंधारापेक्षा तो अर्धस्वराच्या, म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या, साधारण सातव्या हिश्श्याने खाली असतो. ज्यांचे कान तानपुऱ्यावर तयार झाले आहेत, त्यांना तोच अधिक गोड लागतो.

शिंग, तुतारी, अकुम : अडचण तीच

फुंकून वाजवायची नळी माणसाकडे फार जुन्या काळापासून आहे. महाराष्ट्रात शिंग, कर्णा आणि तुतारी आहेत. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधल्या गोंड समाजांत अकुम आणि तोडी ही फुंकवाद्यं आहेत. व्हेरिअर एल्विन यांनी त्यांतल्या मुरिया गोंडांवरच्या १९४७ सालच्या ग्रंथात त्यांच्या वाद्यांची नोंद केली आहे. जंगल, पशू, शिकार, सण आणि देव यांच्याशी या वाद्यांचं नातं जोडलेलं आहे. लांबवर हाक पोचवणं हे त्यांचं मोठं सामर्थ्य.

या सगळ्या वाद्यांची नळी ठरावीक लांबीची असते. म्हणून त्यांच्यातून पटींचे मोजकेच सूर निघतात. षड्ज, पंचम, वरचा षड्ज, फार तर गंधार. ललकारी द्यायला ते पुरतात. भूप किंवा यमन वाजवायला पुरत नाहीत, कारण खालच्या षड्ज-पंचमाच्या मधली जागा रिकामीच राहते.

युरोपातल्या जुन्या ट्रम्पेटचीही हीच अडचण होती. तिच्यावर तीन उपाय निघाले. पहिला, नळीला भोकं पाडणं. दुसरा, चाप बसवून नळीला जादा तुकडे जोडणं. हा उपाय १८१४च्या सुमारास जर्मनीत निघाला आणि आजच्या ट्रम्पेटवरचे तीन चाप त्यातून आले. तिसरा उपाय त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी, पंधराव्या शतकात सापडला होता. नळीच एकात एक सरकणारी करायची आणि वाजवता वाजवता तिची लांबी बदलायची. तो उपाय म्हणजे ट्रॉम्बोन.

सात जागांचं गणित

नेहमीच्या, म्हणजे टेनर ट्रॉम्बोनची नळी उलगडून सरळ केली, तर तिची लांबी सुमारे पावणेतीन मीटर भरते. म्हणजे नऊ फूट. तिचा पुढचा भाग इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला असतो. त्याला वादक स्लाइड म्हणतात. डावा हात वाद्य पेलतो. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं स्लाइडची आडवी दांडी धरतात. स्लाइड एक सेंटिमीटर पुढे गेली, की नळी दोन सेंटिमीटरनी लांबते, कारण हवा एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येते. नळी लांबली की हवेचा धक्का परत यायला जास्त वेळ लागतो आणि सूर उतरतो.

एक अर्धस्वर उतरायचा तर नळीची लांबी सुमारे सहा टक्क्यांनी वाढवावी लागते. स्लाइड पूर्ण आत असते ती पहिली जागा. तिथून साधारण ८ सेंटिमीटर पुढे दुसरी जागा आणि सूर अर्धस्वराने खाली. आणखी पुढे तिसरी, भोंग्याच्या काठाच्या थोडी अलीकडे. चौथी काठाच्या किंचित पलीकडे. अशा सात जागा आहेत. पण त्या सारख्या अंतरावर नाहीत. नळी जितकी लांब, तितके तिचे सहा टक्केही जास्त. म्हणून सहाव्या जागेपासून सातवी जवळजवळ ११ सेंटिमीटर दूर पडते. पहिलीपासून सातवीपर्यंत हाताचा एकूण प्रवास सुमारे ५७ सेंटिमीटरचा.

आता खरा प्रश्न. जागा सातच का? पाच का नाहीत, दहा का नाहीत? याचं उत्तर वरच्या सरगममध्ये दडलेलं आहे. वादक नेहमी वापरतो त्या पटींमध्ये सर्वांत मोठी फट दुपटीचा सा आणि तिपटीचा प यांच्यात आहे. ती भरली की सगळं सप्तक आपल्या हातात येतं. कशी भरते ते पाहा.

पहिल्या जागी तिपटीचा प वाजवा. ओठ तसेच ठेवून स्लाइड दुसऱ्या जागी न्या : तीव्र म. तिसरी : शुद्ध म. चौथी : शुद्ध ग. पाचवी : कोमल ग. सहावी : शुद्ध रे. सातवी : कोमल रे. पुढचा सूर सा. तो दुपटीच्या मालिकेतला, म्हणजे पुन्हा पहिल्या जागी तयारच आहे. पंचमापासून षड्जाच्या आधीपर्यंत नेमके सात सूर आहेत, म्हणून नेमक्या सात जागा. एकही कमी चालणार नाही आणि एकही जास्त लागत नाही.

वरातीत दिसणारी ती विचित्र धावपळ इथे उलगडते. कोमल रे आणि सा हे शेजारी सूर. पण कोमल रे सातव्या जागी आणि सा पहिल्या. म्हणून वादकाला एवढ्याशा सुरासाठी स्लाइड पार टोकापासून मागे खेचावी लागते. उलट वरच्या सप्तकात पटी दाट असल्यामुळे एकच सूर दोन-तीन जागी मिळतो. तयारीचा वादक हाताला जवळची जागा निवडतो आणि द्रुत लयीतही त्याचा हात शांत दिसतो.

लहान मुलांचा हात सातव्या जागेपर्यंत पोचत नाही. त्यांना दिलासा देणारी एक सोय लाइपझिगचे कारागीर क्रिस्टियान फ्रिडरिश झाटलर यांनी १८३९ साली केली. भोंग्याच्या भागात त्यांनी सुमारे ९२ सेंटिमीटरची जादा नळी गुंडाळून बसवली. डाव्या अंगठ्याने खटका दाबला की हवा त्या नळीतूनही फिरते. मग सहाव्या जागेवरचा शुद्ध रे पहिल्याच जागी मिळतो. आज ऑर्केस्ट्रातल्या बहुतेक ट्रॉम्बोनवर हा खटका असतो.

राहता राहिला खुणांचा प्रश्न. खुणा नसतात, कारण त्यांचा उपयोग नसतो. सातपटीचा कोमल नी उपजतच उतरलेला, अर्धस्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. तो घेताना वादक नेहमीच्या जागेपेक्षा स्लाइड जरा आत ठेवतो. पाचपटीच्या गंधारासाठी वेगळी दुरुस्ती. शेजारी कोण काय वाजवतो आहे, त्यावर आणखी वेगळी. म्हणजे जागा सात म्हणायच्या, प्रत्यक्षात त्या हव्या तितक्या आहेत. हात कुठे थांबवायचा हे कानच ठरवतो. सारंगीवादक किंवा गायक ज्या शिस्तीने सूर लावतो, तीच शिस्त इथे लागते.

मींड येते, पण मर्यादेत

स्लाइड आहे म्हटल्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, आलीच, असं आपल्याला वाटतं. ट्रॉम्बोन खरोखर अशी मींड घेतो, जी चाप असलेल्या वाद्यांना सहज जमत नाही. पण नळीचे नियम तिलाही लागू आहेत. न तुटता घेतलेली मींड एकाच पटीच्या मालिकेत राहायला हवी. म्हणून तिची जास्तीत जास्त लांबी पहिल्या जागेपासून सातव्या जागेपर्यंत, म्हणजे सहा अर्धस्वर. प पासून कोमल रे पर्यंत अखंड ओघळता येतं. त्याच ओढीत सा पर्यंत मात्र उतरता येत नाही. मालिका बदलावी लागते आणि तिथे सांधा पडतो.

याच्या उलट अडचणही आहे. गाण्याची सरळ ओळ वाजवताना मींड नको असेल तर? स्लाइड एका जागेवरून दुसरीकडे जाताना आवाज चालू राहिला, तर प्रत्येक सूर घसरत येईल. म्हणून वादक जिभेने मऊ ‘द’ किंवा ‘ल’ उच्चारल्यासारखा हलका स्पर्श करतो आणि त्या क्षणार्धात हात पुढच्या जागी नेतो. श्रोत्याला ओळ सलग वाटते, मधली घसरण ऐकू येत नाही. जीभ आणि हात यांचा हा मेळ बसायला वर्षं लागतात. चांगला ट्रॉम्बोनवादक ओळखायचा तर सर्वांत आधी हाच मेळ ऐकावा.

चंद्रपूरचा उन्हाळा आणि चढलेला सूर

पितळी वाद्यं उन्हात चढी बोलतात, हे बँडवाल्यांना अनुभवाने माहीत असतं. पितळ तापून फुगतं म्हणून असं होत असेल, असा तर्क कोणीही करेल. पण पितळ फुगलं तर नळी लांबेल आणि सूर उतरायला हवा. शिवाय ३५ अंशांच्या फरकाने पितळ एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकंही लांबत नाही. खरं कारण हवेत आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगाने जातो. दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर. धक्का लवकर जातो, लवकर परततो आणि सूर चढतो.

आपल्याकडच्या हवेत हा फरक किती मोठा होऊ शकतो, ते पाहण्यासारखं आहे. गडचिरोलीत थंडीच्या रात्री पारा १० अंशांवर येतो. चंद्रपुरात मे महिन्यात तो ४५च्या पुढे जातो. या दोन टोकांमध्ये ध्वनीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो आणि सहा टक्के म्हणजे बरोबर एक अर्धस्वर. काळी पाचचा सूर थेट पुढच्या पट्टीवर, पांढरी सातवर जाईल इतका. प्रत्यक्षात वादकाच्या उबदार श्वासामुळे नळीतली हवा बाहेरच्याइतकी थंड राहत नाही, म्हणून फरक याहून कमी पडतो. तरी तो सहज ऐकू येतो.

साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर पंचाईत होते, कारण त्यांचे सूर उन्हाने फारसे हलत नाहीत. यावर उपाय म्हणून ट्रॉम्बोनच्या भोंग्यामागच्या वळणावर सूर जुळवायची एक छोटी सरकती नळी असते. ती सव्वा-दीड सेंटिमीटर बाहेर काढली की एकूण लांबी साधारण एक टक्क्याने वाढते. थंडीत ती पूर्ण आत जाते. त्याहूनही सूर खाली राहिला, तर वाद्यात ऊब येईपर्यंत फुंकत राहणं एवढाच मार्ग उरतो. कार्यक्रमाआधी वादक पडद्यामागे बराच वेळ लांब सूर धरतात, त्याचं एक कारण हे आहे.

चर्चपासून वरातीपर्यंत

ट्रॉम्बोनचा पहिला मोठा आसरा चर्चसंगीत. सगळे सूर अचूक घेता येत असल्यामुळे तो गायकांच्या आवाजाला आवाज मिळवू शकत असे. व्हेनिसचे जोव्हान्नी गाब्रिएली यांनी १५९७ साली छापलेल्या एका रचनेत सहा ट्रॉम्बोन नावानिशी मागितले आहेत. मोझार्टच्या १७९१च्या ‘रेक्विएम’मध्ये एकट्या ट्रॉम्बोनची गंभीर ओळ आहे. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्यात ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग गप्प बसून असतात आणि शेवटच्या भागात सगळा वाद्यवृंद उजळून निघतो तेव्हा वाजू लागतात.

भारतात हे वाद्य ब्रिटिश पलटणींच्या बँडबरोबर रुजलं. संस्थानांचे बँड आले, मग लग्नाचे. मेरठच्या जाली कोठी भागात ही वाद्यं घडवणारी बाजारपेठ उभी राहिली. तिथली नादिर अली ही पेढी १८८५ची. देशभरातल्या बँडपार्ट्यांना लागणारी पितळी वाद्यं मोठ्या प्रमाणावर याच भागात बनतात.

दुसरी वाट गोव्यातून आली. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. तयार झालेले वादक मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. ट्रॉम्बोनवर ब्लास्को मोन्सोराते यांचं नाव त्या जगात आदराने घेतलं जातं. तिसरी वाट ऑर्केस्ट्राची. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेत खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. त्यात देशी वादकांबरोबर परदेशी वादकही वाजवतात आणि त्याच संस्थेत मुलांना शिकवलंही जातं.

मैफलीत काय पाहावं, काय ऐकावं

ऑर्केस्ट्रातला ट्रॉम्बोनवादक एकट्याने वाजवतो, तेव्हा सोबत बहुतेक वेळा पियानो असतो. ट्रॉम्बोनसाठी लिहिलेल्या रचना व्हायोलिनच्या मानाने थोड्या आहेत, पण चांगल्या आहेत. फर्डिनांड डेव्हिड यांचं १८३७चं कॉन्चेर्टिनो, रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी १८७७ साली लष्करी बँडच्या साथीसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो, हिंडेमिथ यांची १९४१ची सोनाटा. ल्युचानो बेरिओ यांच्या १९६६च्या रचनेत तर वादक फुंकता फुंकता गळ्यातूनही सूर काढतो आणि एका वाद्यातून दोन स्वर ऐकू येतात.

ऐकताना चार गोष्टींकडे लक्ष द्यावं. पहिली, अगदी हळू आवाज. मोठ्याने वाजवणं सोपं असतं. हळू वाजवताना ओठांची थरथर टिकवणं अवघड असतं. दुसरी, सूर लागण्याचा क्षण. हात आधी पोचला की आवाज आधी आला, ते कान देऊन ऐकलं तर कळतं. तिसरी, पियानोबरोबरचा गंधार. पियानोचा गंधार ठरलेला असतो, त्यामुळे वादकाला आपला नैसर्गिक गंधार सोडून त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. दोन-तीन ट्रॉम्बोन एकत्र वाजतात, तेव्हा मात्र तेच वादक गंधार थोडा उतरवतात आणि सूर एकमेकांत विरघळतात.

चौथी गोष्ट पाहण्याची. दोन रचनांच्या मध्ये वादक स्लाइडच्या टोकाचं एक छोटं झाकण उघडून हळूच फुंकतो आणि पाण्याचे थेंब खाली पडतात. मुलं त्याला थुंकी समजतात. ते बहुतांशी श्वासातल्या वाफेचं पाणी असतं. उबदार श्वास थंड पितळावर निवतो आणि नळीच्या खालच्या वळणात साठतो. साठू दिलं तर सूर गुडगुडतो. जमलं तर स्लाइडही जवळून पाहावी. आतल्या नळीच्या टोकाचा काही सेंटिमीटरचा भाग केसभर जाड ठेवलेला असतो. बाहेरची नळी फक्त तेवढ्या भागावर टेकते, बाकी सगळीकडे मोकळी राहते. म्हणून ती सुळकन सरकते. त्यावर क्रीमचा हात आणि पाण्याचा फवारा एवढंच वंगण लागतं. कुठे बारीक पोचा पडला तरी हात अडखळतो, म्हणून वादक स्लाइडला जिवापाड जपतात.

थोडक्यात

- आवाजाचा उगम ओठांच्या थरथरीत आहे. ती कोणत्या वेगाने टिकेल हे नळीतली हवा ठरवते.
- एका लांबीच्या नळीतून सा, सा, प, सा, ग, प असे पटींचेच सूर निघतात. शिंग आणि तुतारी इथेच थांबतात.
- स्लाइडने नळी लांबवून मधले सूर मिळतात. सा आणि प यांमधली फट भरायला नेमक्या सात जागा लागतात.
- जागांमधलं अंतर वाढत जातं : पहिलं सुमारे ८ सेंमी, शेवटचं सुमारे ११ सेंमी.
- अखंड मींड जास्तीत जास्त सहा अर्धस्वरांची.
- उन्हात सूर चढतो तो हवेतल्या ध्वनीचा वेग वाढल्यामुळे. १० ते ४५ अंशांत हा फरक एका अर्धस्वराइतका होऊ शकतो.

संगीत शाळांना एक विनंती

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत संगीताचा कान कमी नाही. वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांना थंडीत रात्रभर माणसं बसतात आणि रंगमंचावरच्या जिवंत गाण्यांना दाद देतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. संगीत विद्यालयांत मुलं तबला, पेटी आणि गायन शिकतात, परीक्षा देतात. फुंकवाद्यांचा वर्ग मात्र क्वचितच दिसतो. ही वाद्यं वाजवणारे लोक त्याच गावांत राहतात, पण त्यांची कला वरातीपुरती धरली जाते.

हे बदलायला परदेशातून वादक येण्याची वाट पाहायची गरज नाही. मुंबई-गोव्याचा ऑर्केस्ट्रातला वादक बोलावता आला, तर जरूर बोलवावा. तोवर गावच्या बँडपार्टीतल्या ट्रॉम्बोनवाल्याला पावसाळ्यात, लग्नं नसतात तेव्हा, एका दुपारी शाळेत सन्मानाने आणि मानधन देऊन बोलवा. सोबत शिंग किंवा तुतारी वाजवणारा आणा, तानपुरा जुळवून ठेवा. आधी तुतारीचे मोजके सूर ऐकवा, मग त्याच सुरांच्या मधल्या जागा ट्रॉम्बोनवर भरून दाखवा आणि शेवटी तानपुऱ्याचा गंधार व नळीचा गंधार शेजारी शेजारी ठेवा. विज्ञानाच्या शिक्षकांनाही या वर्गाला बसवा. ध्वनीचा धडा आणि सरगमचा धडा मुलांना तिथे एकाच तासात मिळेल आणि बँडच्या वादकाला त्याचा हक्काचा मान मिळेल.